‘नाही’ म्हटलं, तर पेरणी कोण करणार?

केनियातल्या सिआया भागातली, लुओ जमातीतली बाई. वय पस्तिशीच्या आत, पदरात तीन मुलं, अँग्लिकन मंडळीची सभासद. नवरा जाऊन आठ महिने झालेले. तिने सगळं एका दमात सांगितलं: “थोरल्या दिराला जातेर (मेलेल्या नवऱ्याच्या जागी येणारा भाऊबंद) म्हणून घेतलं तर पाळक प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद करतील. नाही घेतलं तर मुलांना चिरा (झिजवणारा शाप) लागेल. मार्चचा पाऊस तोंडावर आलाय. सासूबाई म्हणतात, जातेरशिवाय बी मातीत जायचं नाही. मी करू काय?” (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी ही रीत नीट समजून घ्यायला हवी. तिला ‘तेरो’ म्हणतात. आपल्याकडच्या पाटाशी तिची गल्लत करू नये, कारण पाट म्हणजे नवं लग्न आणि तेरोत नवं लग्न नसतंच. बाई मेलेल्या नवऱ्याचीच बायको राहते, ‘ची लिएल’, म्हणजे थडग्याची बायको. जातेर हा दीर किंवा त्याच कुळातला भाऊबंद असतो. त्याच्यापासून झालेली मुलंही मृताच्या नावानेच वाढतात. पेरणीची सुरुवात, घराची डागडुजी, मुलाचं ‘सिंबा’ (तरुण मुलाची वेगळी खोली) उभारणं, हे सगळं जातेरच्या संबंधाशी बांधलेलं. ते पाळलं नाही तर क्वेर, म्हणजे निषिद्ध, मोडतं आणि चिरा लागतो: माणूस झिजत जातो. या बाईच्या घराच्या छपरावरची ओसुरी, म्हणजे घरधनी जिवंत असल्याची खूण असलेली काठी, काढून टाकली होती. रोज अंगणातून ती रिकामी जागा दिसे.

अशा बाईला “चिरा वगैरे काही नसतं” असं पहिल्याच भेटीत सांगणं ही मोठी चूक. ती मान हलवते आणि पुन्हा येत नाही. इथे सुरुवात एचआयव्ही तपासणीपासून केली. 1980 आणि 90च्या दशकांत या भागात एड्सने खंगणाऱ्या कितीतरी माणसांना चिराच लागला असं समजलं गेलं, आणि विधवेच्या शुद्धीसाठी ठेवलेल्या संबंधातूनच विषाणू पुढे गेला. तिची तपासणी झाली, तीन महिन्यांनी पुन्हा करायची असं ठरलं. मुलांचं वजन घेतलं, ते ठीक होतं. ती आकड्यांची चिठ्ठी तिने घडी घालून बायबलमध्ये ठेवली. भीती गेली नाही; पण तिच्याशी बोलता येऊ लागलं.

मग बायबल. दिराने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 25वा अध्याय पुढे केला होता: भाऊ मेला तर भावाने त्याच्या बायकोला घ्यावं. पूर्ण वाचलं की दोन गोष्टी दिसतात. तो नियम मुलगा नसताना मेलेल्या भावापुरता आहे. इथे तीन मुलं, त्यातले दोन मुलगे. आणि दिराने नकार द्यायची वाटही तिथेच आहे: विधवेने वडीलजनांसमोर त्याचा जोडा काढून घेतला की विषय संपला. विधवेला थेट सांगणारं वचन 1 करिंथ 7:39: नवरा मेल्यावर ती मोकळी आहे, हव्या त्या पुरुषाशी लग्न करावं, मात्र प्रभूमध्ये.

पाळकांचंही एक अडलं होतं. “भावाची विधवा निषिद्धच,” असं ते सांगत. जुन्या अँग्लिकन नातेतक्त्यात, म्हणजे कुणाशी लग्न चालत नाही त्या यादीत, ते होतं खरं. पण अँग्लिकन पंथ जिथला, त्या खुद्द इंग्लंडने 1921च्या कायद्याने असं लग्न मान्य केलं, आणि कॅथोलिक चर्चच्या 1983च्या धर्मसंहितेतही दीर-भावजय हे नातं लग्नाला अडथळा राहिलेलं नाही. खरी अडचण वेगळी: या दिराची चर्चमध्ये लग्न झालेली बायको जिवंत होती, आणि या बाईची इच्छा नव्हती. केनियाच्या 2014च्या विवाह कायद्यात ख्रिस्ती लग्न एकपत्नीच आहे. 2015चा घरगुती हिंसा कायदा तर सक्तीचा विधवा-वारसा आणि विधवा-शुद्धी या दोन्हींना हिंसाच म्हणतो.

पण नुसता नकार शिकवून चर्चने हात झटकले, तर बाई शेतात एकटी पडते. म्हणून जमिनीचे कागद त्याच आठवड्यात काढायला लावले: मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, ओळखपत्र, चीफचं (गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याचं) वारसपत्र. इच्छापत्र नसेल तर वारसा-अर्जात पहिला मान हयात जोडीदाराचा. गॅझेटमध्ये नोटीस आली की हरकतीसाठी 30 दिवस. वारशाचा कारभार पाहण्याचं अधिकारपत्र मिळाल्यावर ते पक्कं व्हायला साधारण सहा महिने. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: सातबारा म्हणावा तसा कागद अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर असतो, आणि मग आधी त्याचा वारसा उघडावा लागतो. इथेही तसंच निघालं. पुढेमागे दुसरं लग्न करायचं मनात आलं, तर नवऱ्याच्या मालमत्तेवरच्या विधवेच्या हयातभराच्या हक्कावर काय परिणाम होईल हे आधी वकिलाला विचारायचं, हेही तिला सांगून ठेवलं.

शेवटी बैठक: सासूबाई, दीर, जाऊबाई, कुळातले एक म्हातारे, पाळक. जाऊबाईंना बोलावणं लोक विसरतात. त्या दिवशी सगळ्यात मोकळं बोलल्या त्याच: “मलाही हे नकोच होतं.” म्हाताऱ्यांनी मध्यम मार्ग सुचवला, जो आता बरेच वडीलधारे मान्य करतात: खूण म्हणून दिराचा कोट घरात खुंटीला टांगायचा, त्याने तिथे रात्र काढायची नाही. पाळकांना तेही खटकलं. बाईने विचारायला वेळ मागितला आणि दोन दिवसांनी “कोट नको” म्हणाली, कारण कोट टांगला तरी भीती तिथेच राहते. तिची अट एवढीच होती, की काका म्हणून मुलाच्या सिंबाची जागा दाखवायला दिराने उभं राहावं. तो कबूल झाला.

पेरणीच्या दिवशी मदर्स युनियन या चर्चमधल्या महिला संघटनेच्या बायका कुदळी घेऊन आल्या, पाळकांनी बांधावर प्रार्थना केली. मक्याचं पहिलं बी तिने स्वतः टाकलं. सासूबाई दारातच बसून होत्या; दुपारी त्यांनी बायकांसाठी पाण्याचा हंडा बाहेर आणून ठेवला.