घर सोडायचं, पण कर्ज मागे ठेवून नव्हे

प्रश्न : माझं वय ३६. २०१७ मध्ये आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला दोघांच्या नावावर ५२ लाखांचा फ्लॅट घेतला. १२ लाख माझ्या बाबांनी मुदत ठेव मोडून दिले, ४० लाखांचं कर्ज दोघांच्या नावावर. ३४,७०० चा हप्ता यांच्या खात्यातून जातो, घरखर्च आणि मुलीची फी माझ्या पगारातून. आता परस्परसंमतीने घटस्फोट ठरलाय आणि मी मुलीला घेऊन सांगलीला माहेरी जातेय. यांचं म्हणणं, "तू हक्कसोडपत्र करून दे. बाबांचे १२ लाख मी सवडीने देतो, पुढचे हप्तेही मीच भरीन, कोर्टात तसं लिहून देतो." कर्ज अजून ३१ लाख आहे, फ्लॅट ८० लाखांना जाईल म्हणतात. आई म्हणते, सही कर आणि मोकळी हो. करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नका करू. निदान या क्रमाने तरी नका. हक्कसोडपत्र नोंदवलंत की त्या दिवशी तुमचं घर जाईल, कर्ज मात्र तुमच्या नावावर तसंच राहील. मग मोकळ्या कशा झालात?

मी २८ वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात काम केलं. २०१४ मध्ये एक शिक्षिका माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. घटस्फोट होऊन चार वर्षं झालेली, स्वतःसाठी छोटं घर घ्यायचं होतं. जुन्या घरावरचा हक्क त्यांनी कधीच सोडला होता, पण त्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते आणि सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव तसंच होतं. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, घसरलेला. "कोर्टाच्या हुकूमात लिहिलंय ना, हप्ते ते भरणार म्हणून," असं म्हणत त्यांनी कागद पुढे केला. तो हुकूम त्या दोघांपुरता होता, बँक त्यात पक्षकार नव्हती. बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. त्यांना नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं होतं. तुमचं तसं होऊ नये.

म्हणून आधी बँक, मग हक्कसोडपत्र. बाकी कर्जाचं पत्र बँकेकडून लेखी घ्या. 'कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर करून द्या' असा अर्ज नवऱ्याला करायला सांगा. बँक त्यांचा पगार नव्याने तपासेल. एकट्याच्या पगारात बसत नसेल तर त्यांच्या घरचं कोणी सहकर्जदार होऊ शकतं, किंवा दुसऱ्या बँकेत कर्ज नेता येतं. बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. यातलं काहीच जमलं नाही, तर घर विकून कर्ज फेडणं आणि उरलेलं वाटून घेणं हाच सरळ मार्ग.

तुमचा घटस्फोटाचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब (परस्परसंमती) खाली असेल. पहिल्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. त्यामुळे "मुदत माफ करून घेऊ" असा सल्ला हमखास मिळेल. तुम्ही घाई करू नका. बँकेची कामं व्हायला हेच महिने उपयोगी पडतात, आणि हुकूम होईपर्यंत संमती मागे घेण्याचा अधिकार तुमच्याकडे असतो. संमतीच्या अटींत 'सवडीने' हा शब्द येऊ देऊ नका. रक्कम, तारीख, कर्ज खात्याचा क्रमांक, तोवर हप्ता कोण भरणार, आणि त्या तारखेला पैसे आले नाहीत तर घर विकायचं, हे सगळं वकिलांकडून लिहून घ्या. दस्ताचा मुद्रांक खर्च कोणाचा, तेही लिहा. मोबदला घेऊन हिस्सा सोडताना हा खर्च नाममात्र नसतो.

आता १२ लाखांचं. हा आकडा मला पटत नाही. ८० मधून ३१ गेले की ४९ लाख उरतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं, की दोघांनी आपापल्या पैशातून घर घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर ज्याने जितके घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर दोघांचा समान धरायचा. समान धरला तरी तुमचे साडेचोवीस लाख होतात. ते म्हणतील, हप्ते मी भरले. पण घर आणि मुलगी तुमच्या पगारावर चालली म्हणून त्यांचा पगार हप्त्याला मोकळा राहिला, हे बोलणीत ठामपणे मांडा. थोडं कमी घ्यायचं असेल तर ते हिशोब समजून ठरवा, दमून नको.

तोवर हप्ता चुकता कामा नये. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत होऊ शकणारं, ठरतं आणि वसुलीची नोटीस दोघांनाही येते. कर्ज खात्याचे मेसेज तुमच्या मोबाइलवर सुरू करा. माझ्या सहीशिवाय या घरावर टॉप-अप (वाढीव) कर्ज देऊ नये, असं पत्र शाखेत देऊन पोच घ्या.

मूळ करारनामा बँकेत असेल. त्याची झेरॉक्स, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीच्या भाग दाखल्याची प्रत आणि २०१७ पासूनची तुमची पासबुकं सांगलीला जाताना सोबत न्या. बाबांनी ठेव मोडल्याची पावती बहुधा आईंच्याच कपाटात सापडेल.