बहीण कॅन्सर हॉस्पिटलात नर्स आहे. कोरोनापासून ती घरात मोकळं बोलतच नाही. आम्ही काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बहीण केमो डे-केअरला आहे, महिनाभर सुट्टी काढूनही फरक पडला नाही, आणि कोरोनाचा विषय निघाला की ती उठून आत जाते. सुट्टीने अंगाचा शीण जातो. तिला बहुधा दुसरंच काही सलत असावं. माझंही तसंच होतं, म्हणून लिहितेय.

मी नागपुरातच एका कॅन्सर हॉस्पिटलात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेले पेशंट खूप. त्यांना शेक, म्हणजे रेडिएशन, देताना डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा साचा करतो. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची, चेहऱ्यावर ताणून बसवायची. थंड झाली की नाक, कपाळ, हनुवटी जशीच्या तशी उमटते. मग पट्टीवर नाव लिहून साचा रॅकवर.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडचे एक काका दोन दिवसांसाठी गावी गेले होते. 35 पैकी 14 शेक झाले होते. एसटी बंद. फोन आला, "मॅडम, गाडीच नाही जी. कसा येऊ?" शेकात खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणाले, "काळजी करू नका काका, पास मिळतो का बघा." ते परत आलेच नाहीत. रोज दुसऱ्या कुणाचा साचा काढताना त्यांच्या साच्याला हात लागायचा.

संसर्गाची भीतीही होतीच. तोंडाच्या पेशंटचा मास्क काढल्याशिवाय साचा बसत नाही, आणि तो बसवायला आम्ही अगदी त्याच्या तोंडाशी. कितीतरी महिने मी मुलाला जवळ घेतलं नाही. पण ती भीती जानेवारी 2021 मध्ये लस आल्यावर हळूहळू ओसरली. काकांना दिलेलं ते उत्तर मात्र मनातून गेलं नाही.

योग्य काय ते कळत असून परिस्थितीमुळे करता न येणं, या त्रासाला अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्येच नर्सेसच्या संदर्भात 'मॉरल डिस्ट्रेस' असं नाव दिलं होतं. हे वाचलं तेव्हा मला खूप धीर आला. एस्मो या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये जगभरातल्या कॅन्सर कर्मचाऱ्यांची पाहणी केली. आधी 38 टक्क्यांनी बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार थकून जाणं, सांगितला, काही महिन्यांनी 49 टक्क्यांनी. म्हणजे कामाची घडी बसत गेली तरी माणसं आतून खचतच होती.

घरच्यांनी तिला 'तू तर कोरोना योद्धा' म्हणू नये. मला ते ऐकून लाजच वाटायची. 'तुझा काय दोष' हेही घाईने म्हणू नका, तिथेच बोलणं संपतं. दोघीच असाल तेव्हा एवढंच विचारा, "तुला त्यातलं कोण आठवतं गं?" मग गप्प बसून ऐका. मला आमच्या एका सीनियर सिस्टरने रॅकसमोर विचारलं होतं, "हा कुणाचा?" मी काकांचं नाव घेतलं आणि तिथेच रडले. ती काही समजवायला गेली नाही, नुसती उभी राहिली. तिनेही तिचे पेशंट सांगितले. नंतर आम्ही चौघीजणी दर शनिवारी ड्युटीनंतर बसू लागलो. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण तिथे काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

पण झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा 'जगून काय करू' असं तोंडून निघत असेल तर थांबू नका. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत न्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि तिला कामातल्याच कुणाशी बोलावंसं वाटलं तर मला इथे मेसेज करायला सांगा. माझी ड्युटी 4 वाजता सुटते.