वजीर देणे आणि मागच्या रांगेतली मात

दादरमध्ये मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे : 'वर्गासाठी मराठीतून डावकोड्यांची पुस्तिका तयार करतो आहे. मुले सर्रास "क्वीन सॅक" आणि "बॅक रँक मेट" म्हणतात. छापताना त्यांच्या जागी "वजिराचे बलिदान" आणि "शेवटच्या रांगेतील मात" असे लिहिले तर चालेल का, की इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावेत?'

आपण सुचवलेले दोन्ही शब्दप्रयोग वाचणाऱ्याला कळतील. परंतु पटावर प्रत्यक्ष जे घडते, त्याच्याशी ते पूर्णपणे जुळत नाहीत, आणि डावकोड्यात नेमकेपणालाच सर्वाधिक किंमत असल्यामुळे हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आधी एक साधी स्थिती मांडून घेऊ. (घराच्या नावातले अक्षर म्हणजे उभी पट्टी, आणि आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी रांग.) पांढऱ्याचा राजा जी १ वर, वजीर ई ४ वर, हत्ती ई १ वर आणि प्यादी एफ २, जी २, एच २ वर आहेत. काळ्याचा राजा जी ८ वर, वजीर बी २ वर, हत्ती डी ८ वर आणि प्यादी एफ ७, जी ७, एच ७ वर आहेत. खेळी पांढऱ्याची आहे. पांढरा आपला वजीर थेट ई ८ वर नेऊन शह देतो. काळ्याला हत्तीने तो वजीर मारण्यावाचून गत्यंतर नसते, आणि लगेच पांढऱ्याचा हत्ती ई ८ वरच्या त्या हत्तीला मारून मात करतो. काळ्याचा राजा हलू शकत नाही, कारण त्याच्या पुढची तिन्ही घरे त्याच्याच प्याद्यांनी अडवलेली आहेत, आणि मध्ये आणून ठेवायला एकही मोहरा एफ ८ पर्यंत पोहोचत नाही.

या स्थितीत पांढऱ्याने वजिराचे 'बलिदान' केले, असे म्हणावे का? मराठीत बलिदान या शब्दाला मोठे वजन आहे. मुंबईच्या वाचकाला तर हा शब्द ऐकताच हुतात्मा चौक आठवावा, इतका तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी आणि स्वातंत्र्यलढ्याशी जोडला गेला आहे. बलिदानात जे गेले ते परत मिळत नाही, आणि फळ मिळेल की नाही याची खात्री देणाऱ्याला नसते. डावकोड्यातला खेळाडू मात्र दोन खेळ्यांनंतरची मात आधीच पाहून वजीर सोडतो. ऑस्ट्रियाचे प्रसिद्ध खेळाडू रुडॉल्फ स्पीलमान यांनी याच मुद्द्यावर अशा खेळ्यांचे दोन वर्ग पाडले होते. ज्यांचा मोबदला हिशेबाने स्पष्ट दिसतो त्या केवळ दिखाऊ, आणि ज्यांत परिणाम अनिश्चित असूनही खेळाडू धोका पत्करतो त्या खऱ्या. या कसोटीवर कोड्यांतले वजीर जवळजवळ सगळेच पहिल्या वर्गात पडतात. एखाद्या स्पर्धेत कोणी केवळ पुढाकारासाठी वजीर सोडला आणि पुढे वीस खेळ्या तो कमी बळावर झुंजला, तर त्या डावाच्या वर्णनात 'बलिदान' मला खटकणार नाही. दोन खेळ्यांच्या कोड्यावर तो शब्द फार मोठा होतो.

'बळी' हा आटोपशीर शब्द मग का घेऊ नये, असे आपण विचाराल. त्याची अडचण वेगळी आहे. मराठीत बळी दिला जातो, घेतला जातो, आणि माणूस स्वतःही बळी पडतो किंवा बळी जातो. नुसत्या 'वजिराचा बळी' या शब्दांवरून वजीर कोणी कोणाचा घेतला याचा पत्ता लागत नाही. त्यातून शिवाजी पार्कच्या आसपास वाढलेल्या मुलांना 'बळी' म्हणजे गोलंदाजाने मिळवलेली विकेट, हाच अर्थ आधी सुचतो. कोड्याच्या डोक्यावर 'वजिराचा बळी' असे छापले, तर निम्मी मुले प्रतिपक्षाचा वजीर कसा मारता येईल, याच शोधात बसतील.

माझ्या मते यावरचा उपाय आपल्या बोलण्यातच आहे, आणि तो नामापेक्षा क्रियापदात आहे. पटाभोवती बसलेली माणसे 'वजीर मारला', 'वजीर खाल्ला', 'वजीर गेला' आणि 'वजीर दिला' असे म्हणतात, आणि या चारांत कोणाचा कसलाही गोंधळ होत नाही. मारला किंवा खाल्ला तो समोरच्याचा, गेला तो आपल्या चुकीने, आणि दिला तो जाणूनबुजून. 'वजीर देणे' यात हेतू आला, किंमत आली आणि शब्दांचा फापटपसाराही टळला. नामच हवे असेल, तर 'वजीरदान' हा समास कोणी सुचवेल. पण दानात परतफेडीची अपेक्षा धरत नाहीत, म्हणून तो मला इथे रुचत नाही.

या क्रियापदाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'देणे' आणि 'देऊ करणे' हा भेद सहज करता येतो. मॉस्कोमध्ये 1914 साली बर्नस्टाइन यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना कापाब्लांका यांनी आपला वजीर बी २ वर नेऊन ठेवला. पांढऱ्याने तो वजिराने मारला असता, तर काळ्याच्या हत्तीने डी १ वर येऊन मात केली असती. न मारावा, तर पांढऱ्याचे बळ जाणारच होते. बर्नस्टाइन यांनी तिथेच डाव सोडला. हा वजीर शेवटपर्यंत पटावर जिवंत होता, तरीही वजिराच्या 'बलिदाना'ची उदाहरणे देताना या डावाचे नाव हमखास घेतले जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये 1920 साली झालेल्या अ‍ॅडम्स विरुद्ध टोरे या डावातही तेच आहे. पांढरा आपला वजीर एकामागून एक घरांवर पुढे करत जातो आणि काळ्याला तो एकदाही घेता येत नाही, कारण घेताच ई ८ वरचा पहारा सुटतो. (हा डाव खरोखर असाच खेळला गेला की मागाहून रचला गेला, याविषयी जाणकारांत वाद आहे, कोडे म्हणून त्याची गोडी त्यामुळे कमी होत नाही.) या दोन्ही ठिकाणी 'वजीर देऊ केला' हेच शब्द खरे आहेत. आपल्या पुस्तिकेत हा भेद पाळला, तर मुलांना एक गोष्ट आपोआप कळेल : देऊ केलेला मोहरा घेतलाच पाहिजे असे नाही, आणि पुष्कळदा न घेण्यातच बचाव असतो.

आता दुसरा शब्द. 'शेवटची रांग' कोणाच्या दृष्टीने शेवटची? वर मांडलेल्या स्थितीत आठवी रांग चढाई करणाऱ्या पांढऱ्याला शेवटची वाटते, पण ज्याच्यावर मात होते त्या काळ्याच्या बाजूने मोजली तर तीच पहिली. 'आठव्या रांगेतली मात' असे म्हणावे, तर काळ्याने पहिल्या रांगेत केलेली मात त्यातून निसटते. शिवाय, आठव्या रांगेत झालेली प्रत्येक मात या प्रकारात बसत नाही. पॅरिसच्या ऑपेरागृहात 1858 साली पॉल मॉर्फी यांनी खेळलेला डाव सर्वांना ठाऊक आहे. त्यात त्यांनी बी ८ वर खरोखरच वजीर दिला, काळ्याच्या घोड्याने तो मारला, आणि मॉर्फी यांच्या हत्तीने डी ८ वर मात केली. ती मात आठव्या रांगेतच झाली. परंतु त्या हत्तीच्या पाठीशी जी ५ वरचा उंट उभा होता, ई ७ हे घरही त्यानेच रोखले होते, आणि काळ्याचा राजा कॅसलिंग (राजाला हत्तीसह एकाच खेळीत कडेला नेणे) न करता मधोमध अडकलेला होता. म्हणून जाणकार त्या मातेचे नाव वेगळे ठेवतात. बॅक रँक मेटची खूण रांगेच्या क्रमांकात नसून, राजा आपल्याच प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडला जाण्यात आहे.

या अर्थाला 'मागची रांग' हे शब्द अधिक जवळचे आहेत, कारण त्यात मात होणाऱ्या राजाची बाजू धरलेली आहे. प्यादी त्याच्या पुढे, आणि तो स्वतः मागे. सैन्याच्या संदर्भात 'पिछाडी' हा जुना आणि देखणा शब्द आहे, आणि 'प्यादेमात' या जुन्या शब्दाच्या धर्तीवर 'पिछाडीमात' असा समास करण्याचा मोहही होतो. पण आता 'पिछाडीवर' म्हटले की मतमोजणी किंवा धावफलक डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो मोह आवरावा. 'मागच्या रांगेतली मात' हे शब्द थोडे लांबले, तरी सहा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावे लागणार नाहीत.

वर्गातल्या बोलण्याला मात्र हे नियम लावू नयेत. मुले 'क्वीन सॅक कर' म्हणतील, आणि त्यांच्या तोंडी 'क्वीन दिली' असे स्त्रीलिंगही येईल. छापताना 'वजीर' घेतला की क्रियापद पुल्लिंगी झाले पाहिजे, एवढे पाहावे. एकाच पानावर 'वजीर दिला' आणि 'राणी मारली' अशी सरमिसळ झाली, तर नवशिक्याला ते दोन निराळे मोहरे वाटण्याची शक्यता आहे.

राहता राहिला 'लुफ्त' हा मूळचा जर्मन शब्द, जो आपण विचारलेला नाही, पण या कोड्यांच्या उत्तरांत आपल्याला लागेलच. राजासमोरचे एक प्यादे आधीच पुढे सरकवून मोकळे घर करून ठेवणे, असा त्याचा अर्थ. त्यासाठी मी 'पळवाट' वापरीन. वरच्या स्थितीत काळ्याचे एच ७ वरचे प्यादे एच ६ वर असते, तर वजीर देण्याची तीच खेळी पांढऱ्याला भोवली असती : हत्तीच्या शहानंतर काळ्याचा राजा एच ७ वर निघून गेला असता, आणि पांढऱ्याने एका हत्तीसाठी वजीर घालवला असता. कोड्याच्या उत्तराखाली 'काळ्याने पळवाट ठेवली नव्हती' असे एक वाक्य जोडले, तर मात का झाली हेही त्यातच सांगून होईल.