चार्ज : एका बैलगाडीतून उतरलेले अर्थ

मोबाईल चार्ज होतो, नवा साहेब चार्ज घेतो, पोलीस लाठीचार्ज करतात, हॉटेलवाला सर्व्हिस चार्ज लावतो. एका शब्दाचे एवढे अर्थ पाठ कसे करायचे, सर?
– बारावीची विद्यार्थिनी, राजारामपुरी

पाठ करू नकोस, बाळ. ऊस भरून कारखान्याच्या रस्त्याला लागलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आण. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी आणि तिच्यावर माल लादणं म्हणजे ‘कार्रिकारे’. हा शब्द फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत आला आणि ‘चार्ज’ झाला. आता तुझीच उदाहरणं बघ. बॅटरीत वीज भरली, साहेबाच्या खांद्यावर जबाबदारी आली, गिऱ्हाइकाच्या बिलात रक्कम चढली. ओझं सगळीकडे आहेच. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही याच घरातली भावंडं. ‘कॅरिकेचर’सुद्धा त्यांतलंच, नाक-कान वाढवून ‘लादलेलं’ चित्र.

लाठीचार्ज तेवढा जरा वळसा घेऊन आला. हत्यार वाराच्या तयारीत रोखून धरणं, यालाही पूर्वी चार्ज म्हणत. भाला रोखला की पुढची पायरी तुटून पडण्याची. आपणही हल्ला ‘चढवतो’च की.

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत मी सुपरवायझर आहे. आम्ही ‘भट्टीचा चार्ज’ म्हणतो. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, बाबा, हे चुकीचं इंग्रजी आहे, चार्ज म्हणजे वीज. खरं काय?

खरं तुमचं. मुलाला एक दिवस कामावर घेऊन जा.

लहानपणी मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, चालताना पाहिली आहे. खाली धग एवढी, की दहा पावलांवरून तोंड फिरवावं लागे. वरच्या माच्यावर दोघं-तिघं उभे. भट्टीच्या दारातून आधी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, मग चुनखडी, मग पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, आणि भंगार. एक थर बसला की पुन्हा कोकपासून सुरुवात. अशा एका वजन करून टाकलेल्या भरतीला ते ‘चार्ज’ म्हणत. त्यांतले कितीतरी जण शाळेची पायरीही चढले नव्हते, पण शब्द त्यांनी त्याच्या मूळ अर्थानं, चोख वापरला होता.

विजेचा अर्थ फार नंतरचा. बंदुकीत भरायच्या दारूला आधीपासून चार्ज म्हणत होतेच. अठराव्या शतकात वीज साठवायच्या काचेच्या बरण्या आल्या, तेव्हा तोच शब्द तिकडे गेला. ‘बॅटरी’ही तोफखान्यातलीच, एकत्र मांडलेल्या तोफांना तसं म्हणत. बेंजामिन फ्रँकलिननं १७४९ मध्ये एकत्र जोडलेल्या अशा बरण्यांना ते नाव दिलं. मुलाच्या मोबाईलमधले हे दोन्ही शब्द दारूगोळ्याच्या कोठारातून आलेत, हे त्याला जरूर सांगा.

कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून कोर्टाच्या बातम्या नीट वाचतो. ‘चार्जशीट दाखल’ आणि काही महिन्यांनी ‘चार्ज फ्रेम’, हे एकच ना?
– निवृत्त कर्मचारी, कसबा बावडा

नाही काका, आणि हा घोळ फार जणांचा होतो. चार्जशीट पोलिसांची. तपास संपल्यावर ते न्यायालयाला जो अहवाल देतात, ती चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र. १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जाते; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ होतं. चार्ज मात्र न्यायालयाचा. कागदपत्रं पाहून, कोणत्या गुन्ह्यासाठी खटला चालवायचा हे न्यायालय लेखी ठरवतं, ती आरोपनिश्चिती. पुरेसा आधार दिसला नाही तर त्याच टप्प्यावर आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो. पूर्ण खटला चालून निर्दोष सुटणं वेगळं.

आपला ‘आरोप’ शब्दही बघा. वृक्षारोपणातला ‘आरोपण’ तोच. एखाद्या गोष्टीवर काही ठेवणं, चढवणं. इंग्रजीतही ओझं आणि संस्कृतातही ओझं. हे जुळलेलं पाहून मला आजही आनंद होतो.

पावसाळ्यात ‘राधानगरीतून डिस्चार्ज वाढला’ ऐकलं की छातीत धस्स होतं आणि दवाखान्यातून डिस्चार्ज म्हटलं की जीव भांड्यात पडतो. शब्द एकच कसा?
– गृहिणी, शुक्रवार पेठ

ताई, पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यालाच हा प्रश्न पडणार. ‘डिस’ लागला की ओझं उतरतं. धरण पाणी सोडतं, दवाखाना पेशंटला सोडतो. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. धरणाचं ओझं उतरतं आणि नदीवर चढतं. तुमच्या छातीतलं धस्स त्या दुसऱ्या अर्ध्याचं. यासाठी आपल्याकडे ‘विसर्ग’ हा नेमका शब्द आहे. बातमीत तोच यावा, असं मला मनापासून वाटतं.

नोकरीच्या अर्जात ‘आय वॉज इन द चार्ज ऑफ द स्टोअर’ लिहिलं, तर चालेल का?
– तरुण वाचक, शिरोली

त्यातला ‘द चार्ज’चा ‘द’ काढ. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे जबाबदारी तुझ्याकडे. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे तूच दुसऱ्याच्या ताब्यात. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’, पण ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’. तू लिहिलंस तसं ठेवलं, तर स्टोअर तुला सांभाळत होतं असं होईल. ‘आय वॉज इन चार्ज ऑफ द स्टोअर’ एवढंच लिही आणि अर्ज आजच पाठव.