भाजलं की विष गेलं, असं नसतं

‘कडधान्य भाजून जनावरांना घातलं तर चालेल ना?’ हा प्रश्न सतत येतो. कोणतं कडधान्य, कोणतं जनावर, किती भाजलं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

कोंबडीच्या पिल्लांना कच्चं सोयाबीन भरडून द्यावं का?

नाही.

विक्रेता म्हणतो, ‘सोयाबीन खरपूस भाजलंय, रंगच बघा.’ घ्यावं का?

रंगावर काय जाता! सोयाबीनमधले ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जखडून ठेवतात. मग पिल्लांची वाढ खुंटते, स्वादुपिंड मोठं होतं. उष्णतेनं ते निकामी होतात, पण ती दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचली तरच. कडक आचेवर घाईनं भाजलेला दाणा बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा राहू शकतो. ओलसर वाफेची उष्णता म्हणूनच जास्त भरवशाची. उलट, अती भाजलं की लायसिन हे प्रथिनातलं गरजेचं अमिनो आम्ल शर्करेशी बांधलं जातं. पोत्यावर प्रथिनांचा आकडा तोच, जनावराच्या अंगी मात्र लागत नाही.

म्हणून तपासण्या दोन. युरिएज (कच्च्या दाण्यातलं, उष्णतेनं निकामी होणारं विकर) तपासणीत सामूची (pH) वाढ साधारण 0.20 पेक्षा जास्त नसावी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रथिनांची विद्राव्यता 70 ते 85 टक्के. पहिली कच्चेपणा पकडते, दुसरी करपलेपण. काही विक्रेते पहिलीचाच कागद पुढे करतात, आणि कोळसा झालेला मालही त्या तपासणीत झकास पास होतो! दोन्ही अहवाल मागा, तेही तुम्ही घेताय त्याच लॉटचे. मग पशुआहारतज्ज्ञाला दाखवा.

गाईला कच्चं सोयाबीन चालतं असं ऐकलं. खुराकात युरियाही असतो.

ऐकीव गोष्ट अर्धीच खरी आहे. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला थोडं चालतं, वासराला नाही. युरियासोबत मात्र कधीच नको. कच्च्या दाण्यातलं युरिएज युरियातून झपाट्यानं अमोनिया सोडतं. गाय थरथरत असेल, लाळ गाळत असेल, पोट फुगलं असेल, तर मला लिहीत बसू नका. पशुवैद्याला तातडीनं बोलवा.

राजमा मंद आचेवर तासन् तास ठेवतो. पुरे ना?

नाही. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेला पुरून उरतं. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा. खुराकात किती घालायचा, ते तज्ज्ञाला विचारून ठरवा.

लाख (लाखोळी डाळ) आणि कडू ल्युपिन हे कडधान्यही असंच भाजून द्यावं का?

सोयाबीन-राजम्यातल्यासारखी ही विषं प्रथिनं नव्हेत, त्यामुळे नुसत्या भाजण्यावर विसंबू नका. ल्युपिनमधले अल्कलॉइड (कडू विषारी द्रव्यं) उष्णतेला दाद देत नाहीत. उकळून, मग पाणी पुन्हा पुन्हा बदलत भिजवून ते काढावे लागतात. लाखेतलं ओडॅप हे मज्जातंतूंना घातक विष भिजवून, उकळून आणि पाणी फेकून कमी होतं, संपत नाही. घोड्याला तर लाख देऊच नका.

बुरशी लागलेले दाणे भाजले तर?

फेका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष नेहमीच्या भाजण्यानं जात नाही, आणि दुभत्या जनावराच्या दुधातही उतरतं. आधीच खाऊ घातले असतील तर थोडा नमुना राखून ठेवा आणि आजच पशुवैद्याला दाखवा.