फॉर्ममधला ‘अज्ञान’ हा रकाना आधी काढा

मॅडम, तुम्ही लिहिलंय की मुलं ‘आरोग्याचे सामाजिक घटक’ घडाघडा पाठ म्हणतात, पण वाडीत सर्वेक्षणाला नेलं की प्रत्येक आजाराचं कारण ‘लोकांचं अज्ञान’ असं लिहून आणतात. माझ्या वेळी तर तो रकाना मीच छापला होता.

सिंधुदुर्गातला कुडाळ तालुका, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या साथीचे) दिवस. प्रश्न होता : ‘भातलावणीला गमबूट घालता का? नसल्यास कारण : अज्ञान, निष्काळजीपणा, इतर.’ मुलांनी भराभर खुणा केल्या आणि देवळाच्या सभामंडपात गावासमोरच निष्कर्ष वाचून दाखवले. एक म्हातारी उठली, पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, कातडी पांढरी पडून सोललेली. म्हणाली, “बूट घालून चिखलात उतरान बघ. पाय वर येता काय?” उंदराच्या, गुरांच्या मुतातला जंतू अशाच फुटलेल्या कातडीतून आत शिरतो, हे मी वर्गात शिकवत होतो. पण ती बाई दिवसभर वाकून तरवा (भाताची रोपं) लावते, ते मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं. त्या वाडीनं पुढं दोन वर्षं आमच्या मुलांना दारात उभं केलं नाही. चूक माझी होती, बोल मुलांना बसले, ते अजून सलतं.

म्हणून फॉर्म नकोच. एका तापाचा माग काढायला सांगा : ताप कधी आला, लावणीची मजुरी बुडेल म्हणून किती दिवस अंगावर काढला, आरोग्य केंद्रापर्यंत एसटी किती वाजता, सोबत कोण गेलं. लेप्टोवर वेळेत उपचार झाले तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुसं धोक्यात येतात. तो उशीर कुठे झाला, ते मुलांनी शोधायचं. (मी समाजशास्त्राचा माणूस, डॉक्टर नव्हे. लेप्टोसाठी देतात त्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचं आरोग्य केंद्रातच विचारा.)

परवानगीचं पत्र मात्र एप्रिलमध्येच द्या. एका कार्यालयानं आमचं पत्र तीनदा परत केलं, एकदा तर केवळ जावक क्रमांक नाही म्हणून. हातात परवानगी आली तेव्हा लावणी उरकली होती. लिहितानाही संताप येतो.

आणि जमल्यास तीच वाडी मे महिन्यातही दाखवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तरी जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, विहिरी तळ गाठतात. मुलींना एक हंडा घेऊन घाटी चढू दे, मुलांनाही. गणपती-शिमग्यात जाऊ नका, कुणाला बोलायला सवड नसते. जाण्याआधी गावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेला, भेटा, कुठल्या घरी नुकतं दुःख झालंय ते त्यांना ठाऊक असतं.