आधी चाकं सरळ करा

लेकरा,

तुझं पत्र पोचलं. शेल इको-मॅरेथॉन, म्हणजे कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त लांब जाणाऱ्या गाड्यांची स्पर्धा, तिच्यासाठी तुम्ही गाडी बनवताय. मोटर कोणती घ्यायची यावरून टीममध्ये भांडणं, कार्बन फायबरला पैसे नाहीत, आणि पुण्या-मुंबईच्या पोट्ट्यांपुढे आपली गाडी कशी दिसेल ही धास्ती. तीन पानं लिहिलीस, पण चाकं सरळ आहेत की नाहीत, हे कुठंच नाही.

फायबरचं दुःख सोड. शेल इको-मॅरेथॉनचं मूळ 1939 सालचं. अमेरिकेत शेल या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पैज लावली, एका गॅलनमध्ये कोणाची गाडी जास्त लांब जाते. त्यांच्याकडे कुठं होतं कार्बन फायबर? 2005 साली झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या पोरांची हायड्रोजनवरची गाडी लिटरभर पेट्रोलइतक्या ऊर्जेत 5,385 किलोमीटर गेली, तो आकडा खुशाल भिंतीवर लावा. पण काम चाकापासून सुरू करा.

तुमची प्रोटोटाइप गटातली हलकी गाडी चालकासकट 100 किलो धर. बऱ्यापैकी टायर असले तर रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक फिरताना टायरचा होणारा रोध, वजनाच्या साधारण चारशेवा भाग, म्हणजे सपाटीवर तिला सरकत ठेवायला पाव किलोचं बळ पुरतं. एवढंसं बळ! पुढची दोन चाकं समांतर नसली की टायर फिरता फिरता घासतो, आणि ते दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. मग दोन टक्के चांगली मोटर आणून काय करशील? वेल्डिंगच्या उष्णतेनं चौकट ओढली जाते. म्हणून आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारा, माप घ्या, मगच पूर्ण वेल्ड. दोन रिममधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं, तेही चालक आत बसवून. रिकाम्या गाडीचं माप खोटं असतं.

बेअरिंगचं घट्ट ग्रीस धुऊन पातळ तेल घालतात, ते खरं आहे. पण आपल्याकडची धूळ बघता हे स्पर्धेच्या ऐन तोंडावरच करा.

आता चाचणी. गाडी चालण्याच्या वेगानं, ताशी 5 किलोमीटरनं, ढकलून सोडायची. 40 मीटरच्या आसपास थांबली तर ठीक. विसालाच थांबली तर चाक घासतंय, नाहीतर ब्रेक चिकटतोय. इतक्या हळू वेगाला हवेचा अडथळा नगण्य, तेव्हा हवेवर खापर फोडू नका. मात्र 400 मीटरला 1 मीटर उतार असला तरी हा सगळा रोध फिटतो, आणि पावसाचं पाणी निघावं म्हणून चाचणीच्या आवाराला त्याहून जास्त उतार असू शकतो. त्यामुळे नेहमी त्याच रेषेवर, दोन्ही दिशांनी, वारा सुटायच्या आत पहाटे मोजायचं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. मोबाइलमध्ये नको, तो कोणाच्या खिशात गेला की आकडेही गेले.

चालकाच्या जागेसाठी चाललेलं राजकारण मला आवडलं नाही. प्रोटोटाइपला चालकाचं किमान वजन 50 किलो लागतं. त्याच्या जवळपास जो असेल, आणि दहा सेकंदांत स्वतः बाहेर पडू शकेल, तो बसेल. बहुधा ती तुमच्यातली एखादी मुलगीच असेल. तरी यंदाची नियमावली नीट वाचून घ्या.

कापसाचा हंगाम सरला की आमच्या जिनिंगचं काँक्रीटचं आवार रिकामं होतं. चौकीदाराला सांगून ठेवतो. हवेचा पंप आणि गेज तुमचाच आणा, इथला ट्रॅक्टरचा आहे.

तुझा
काका